डबीला वाट

पुरवणी जबाब. गुरुवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी सुरू.

मी, चर्चची चावीवाली मावशी, वय ५९, विधवा, धंदा चर्चची देखभाल आणि उरलेल्या वेळात शिवणकाम, राहणार चर्चच्या मागची गल्ली, तळमजला, शेवटची खोली. फौजदार बाईंच्या पुढ्यात बसून, कोणी बोलावलेले नसताना, माझ्या तोंडाने सांगते की,

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास हवालदारांनी चर्चच्या आवारात माझा जबाब घेतला होता. तो आठ ओळींचा आहे आणि खाली माझी सही आहे. त्यात माझा धंदा 'घरकाम' असा लिहिला आहे. मी तेव्हाच म्हटले होते की घरकाम सगळ्याच बायका करतात, त्याला कोणी धंदा म्हणत नाही, पण हवालदारांचा फोन सारखा वाजत होता. तेवढे दुरुस्त करावे. त्यात दुसरीही एक गोष्ट चुकीची आहे आणि ती चूक माझी आहे. चर्चचे छप्पर दुरुस्त करणारे मिस्त्री सकाळभर वर होते का, असे हवालदारांनी विचारले आणि मी हो म्हटले. ते खोटे होते. आज मी त्यासाठी आले आहे.

माझ्या कामाचे विचारल्यावरून सांगते की, मी एकवीस वर्षे या चर्चची साक्रिस्तान आहे. पहाटे दारे उघडणे, वेदी मांडणे, मेणबत्त्या बदलणे, फादरांचे झगे धुऊन इस्त्री करणे आणि शेवटी सगळे बंद करून घरी जाणे, हे माझ्याकडे असते. वेदीच्या कापडावर मेण सांडले तर ते टीपकागद ठेवून इस्त्रीने काढायचे असते, नखाने खरवडायचे नसते. कापडांचे पहिले पाणी मोरीत न ओतता झाडाच्या मुळाशी घालायचे असते. गेली सहा वर्षे छप्पर गळते. पाऊस आला की मी अकरा बादल्या ठेवते आणि कोणती बादली कुठे ठेवायची ते मला डोळे मिटूनही सांगता येईल. सगळ्यात मोठी बादली वेदीच्या डाव्या अंगाला लागते. हे सांगायचे कारण पुढे येईल.

चर्चची इमारत सांभाळणे हे अर्धे काम झाले. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या हद्दीत, अंथरुणाला खिळलेली सतरा माणसे आहेत. त्यांना मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येता येत नाही, म्हणून दर रविवारी मिस्सेनंतर ख्रिस्तप्रसाद त्यांच्या घरी नेला जातो. फौजदार बाईंना माहीत नसल्याने सांगते की, ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली पातळ, गोल भाकर. ती आम्हाला साक्षात ख्रिस्ताच्या ठिकाणी आहे. फादर एकटे सतरा घरे करू शकत नाहीत, म्हणून आम्हा चौघांना नेमले आहे. माझ्याकडे चार घरे आहेत. ख्रिस्तप्रसाद एका लहान पितळी डबीत असतो, डबी कापडी पिशवीत आणि पिशवी गळ्यात, छातीपाशी.

डबी घेऊन निघाल्यावर वाटेत बोलायचे नाही, थांबायचे नाही, कोणाच्या घरात डोकवायचे नाही. समोरून आपल्यातले कोणी आले तर डावा हात छातीवर ठेवायचा. त्या माणसाला समजते. ते बाजूला होते, मान खाली घालते, आणि आपण पुढे जायचे. याला आम्ही डबीला वाट देणे म्हणतो. ही शिस्त मला माझ्या आधीच्या साक्रिस्तान बाईंनी लावली आणि मी ती शनिवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना लावली. वर्गात मी हातात काडेपेटी घेऊन फिरत असे आणि मुलांना दोन्ही बाजूंना उभे करत असे. जो बोलेल तो त्या दिवशी फळा पुसणार, असा नियम होता. बारकी एकदाही फळा पुसायला उभी राहिली नाही.

बारकी म्हणजे मिस्त्रींची बायको, जी रविवारपासून इस्पितळात आहे. वय ३१. तिची आई आणि मी एकाच मशीनवर पाळीपाळीने शिवत होतो. बाप्तिस्म्याच्या वेळी बारकीला मी हातावर घेतले होते, म्हणून मी तिची धर्मआई. ती चौदा वर्षांची असताना तिची आई गेली. लग्नाचे स्थळ मीच सुचवले. मिस्त्री कौलांचे आणि लाकडी छपराचे काम करतात, हाताला सफाई आहे, दारू नाही, दर रविवारी चर्चला. मला वाटले होते की हात इतका बारीक चालणारा माणूस मनानेही तसाच असेल.

लग्नाला सहा वर्षे झाली. भांडण, मारहाण याबद्दल पूर्वी काही माहीत होते का, असे फौजदार बाईंनी विचारले. तिने मला कधी काही सांगितले नाही. उन्हाळ्यात दोन कुडते शिवायला दिले तेव्हा बाह्या मनगटापर्यंत ठेवा म्हणाली. एवढ्या उकाड्यात घामाने शिजशील, असे मी म्हटले. ती हसली आणि म्हणाली, "राहू द्या हो मावशी, मला आवडतात लांब." मी लांब ठेवल्या. नंतर सलग दोन रविवार ती मिस्सेला आली नाही. तिसऱ्या बाकावर उजव्या कडेला तिची जागा आहे. मिस्त्रींना विचारले तर म्हणाले की घरी पाहुणे आहेत. त्या दोन आठवड्यांत त्यांच्या गॅलरीत तिसऱ्या माणसाचा कपडा वाळत पडलेला मी पाहिला नाही. शिवणाऱ्या बाईची नजर कपड्यांवर जातेच. तरी मी पुढे काही विचारले नाही.

विचारले नाही त्याचे कारणही सांगते. मिस्त्रींनी महिन्यापूर्वी चर्चचे छप्पर उतरवायला घेतले होते, आणि ते फुकट. सहा वर्षे आम्ही ज्याची त्याची मनधरणी केली आणि अखेर आपल्यातलाच माणूस शिडी लावून वर चढला. निम्मी कौले खाली आवारात रचलेली होती. वेदीच्या वर आभाळ दिसत होते. अशा वेळी त्यांच्या घरात नाक खुपसायला माझे पाय उचलले नाहीत.

रविवारचे क्रमाने सांगते. मिस्सा साडेसहाला सुरू झाली, सव्वासातला संपली. मिस्त्री एकटेच आले होते. रविवारी आम्ही काम करत नाही, पण पावसाचा अंदाज होता म्हणून फादरांनी परवानगी दिली होती. साडेसातला मी मिस्त्रींना अवजारांच्या खोलीची चावी दिली आणि ते शिडी घेऊन वर गेले. हे मी डोळ्यांनी पाहिले. पावणेआठला फादरांनी डबीत चार ख्रिस्तप्रसाद ठेवले. मी बाजूच्या दाराने बाहेर पडले. शिडी भिंतीला लावलेली होती, पण वरून कौलांचा आवाज येत नव्हता. पाणी पीत असतील असे मला वाटले.

पहिले घर निवृत्त मास्तरांचे. तिथे जायला छापखान्याची गल्ली ओलांडून मिस्त्रींच्या घरावरून जावे लागते. घर एकमजली, वर जायला बाहेरून दगडी जिना, चौदा पायऱ्या. मागच्या बाजूला फाटक आहे आणि तिथून बोळाने चर्चचे आवार तीन-चार मिनिटांवर आहे. मी जिन्याखालून जात होते तेव्हा वरून हाक आली, "मावशी."

मी वर पाहिले. बारकी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. अनवाणी होती. केस विंचरलेले नव्हते. तिने उजव्या हाताने डावा हात मनगटाच्या वर धरून पोटाशी घेतला होता, लहान मूल धरतात तसा. ती पुन्हा म्हणाली, "मावशी, जरा थांबा ना."

मी डावा हात छातीवर ठेवला.

तिने माझ्या हाताकडे पाहिले. मग ती एक पाऊल मागे सरकली, दोन्ही गुडघ्यांवर बसली आणि मान खाली घातली. मोडका हात तिने तसाच धरून ठेवला होता. तिच्या मागे दारात मिस्त्री उभे होते. कामाचे कपडे अंगावर होते आणि केसांत कौलांची लाल धूळ होती. त्यांनीही मान खाली घातली. मी पुढे गेले.

हात मोडलेला होता हे तेव्हा कळले होते का, असे फौजदार बाईंनी विचारले. मोडला आहे हे कळले नव्हते. दुखतो आहे हे कळले होते. डॉक्टर म्हणतात की डोक्याचा मार आणि मनगट दोन्ही जिन्यावरून पडल्याने झाले. मी सांगते की मी पाहिले तेव्हा ती पडलेली नव्हती आणि हात तसा धरलेलाच होता. हे कृपया ठळक लिहावे.

वेळेबद्दल माझी खात्री आहे. मास्तरांच्या दारात पोहोचले तेव्हा त्यांच्या रेडिओवर आठच्या बातम्या लागत होत्या. जिन्यापासून तिथवर पाच मिनिटे लागतात. म्हणजे मिस्त्री सात पंचावन्नला घरी होते. मास्तरांना अर्धांगवायू आहे, शब्द जड येतात, पण डोके माझ्यापेक्षा बरे चालते. मी डबी न उघडताच हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "डबी कोण उघडणार गं?" तीन जिने चढून दमले, असे मी सांगितले. हे दर रविवारचेच तीन जिने आहेत.

उरलेली तीन घरे मी केली. परत येताना डबी रिकामी होती, म्हणजे मला बोलायची मुभा होती. मी मिस्त्रींच्या जिन्याशी थांबायचे ठरवले होते. तेव्हा आठ चाळीस झाले होते. जिन्याखाली माणसे जमली होती आणि बारकीला गाडीत घालून नेले होते. पायरीवर पाणी ओतलेले होते. शेजारीण म्हणाली, जिना धुताना पाय घसरला. मिस्त्री छपरावर होते, कोणीतरी आवारात जाऊन बोलावले तेव्हा धावत आले, हातात कौल तसेच, असेही ती म्हणाली. कौल जिन्याच्या कडेला ठेवलेले मी पाहिले. अख्खे होते, एक टवकाही उडालेला नव्हता. बायको पडल्याचे ऐकून धावणारा माणूस हातातले कौल आधी टाकतो, असे मला वाटले. पण मी ते कोणाजवळ बोलले नाही.

अकरा वाजता हवालदारांनी विचारले तेव्हा मिस्त्री माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. फादरही होते. आभाळ भरून आले होते आणि वेदी उघडी होती. मी हो म्हटले ते छपरासाठी, असे मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. ते पुरते खरे नाही. मिस्त्री घरी होते असे सांगितले असते, तर कुठून पाहिले, कधी पाहिले, तेव्हा बारकी काय म्हणाली, आणि मग तुम्ही काय केलेत, असे विचारले गेले असते. त्या शेवटच्या प्रश्नाची मला भीती वाटली. मला माझी लाज वाटत होती. अजून वाटते.

सोमवारी मिस्त्री दुपारी दोन तास वर काम करून गेले. मंगळवारी मी झगे इस्त्री करताना फादरांना विचारले की डबी घेऊन जाताना वाटेत कोणी हाक मारली तर थांबायचे नाही, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे. आमचे फादर नवीन आहेत, वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. ते म्हणाले, "मावशी, असा नियम नाहीये. उगाच गप्पा मारत फिरू नये, एवढंच. कोणी अडचणीत असेल तर थांबायचंच की. नाहीतर डबीत नेतोय काय आपण?" मी इस्त्री खाली ठेवली आणि त्यांना सगळे सांगितले. एका कापडावर इस्त्रीचा डाग पडला आहे, तो जायचा नाही.

फादरांनी इस्त्री कापडावरून उचलून ठेवली. मग म्हणाले, "पोलिसांत जा. मी येऊ का बरोबर?" मी म्हटले, छपराचे काय. ते म्हणाले, "ताडपत्री टाकू. मला शिडीवर चक्कर येते, पण टाकू." त्यांना खरेच चक्कर येते. घंटेची दोरी अडकली होती तेव्हा चौथ्या पायरीवरून त्यांना मी उतरवले होते. मी विचार करते म्हणाले आणि मंगळवार तसाच घालवला.

बुधवारी दुपारी मिस्त्री वेदीमागच्या खोलीत आले. मी मेणबत्त्यांची थोटके वेगळी करत होते. त्यांनी दार लोटून घेतले. आवाज चढवला नाही, दम दिला नाही, शिवी दिली नाही. ते म्हणाले, "मावशी, रविवारी तुमच्या डबीला मी वाट दिली होती. दिली ना?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "डबी गळ्यात असली की माणसानं इकडेतिकडे बघायचं नसतं. बारकी सांगते, तुम्हीच वर्गात शिकवलंत." मग खोलीतल्या बादल्या मोजल्यासारख्या पाहिल्या आणि म्हणाले, "वेदीच्या वरचं काम शेवटाला घेतो. तुमच्यावर आहे ते." जाताना दारातून त्यांनी सांगितले की बारकीला शुक्रवारी सकाळी सोडणार आहेत आणि ते तिला घरी न आणता परस्पर त्यांच्या आतेभावाच्या मळ्यावर हवापालटाला नेणार आहेत. मळा कुठे आहे असे विचारले, तर म्हणाले, "लांब आहे. तुम्हाला झेपायचं नाही."

त्यानंतर मी बसून राहिले. बारकी तिथे एकदा गेली की कोणाच्या नजरेस पडणार नाही, हे मला स्पष्ट दिसले. शुक्रवार म्हणजे उद्या. फौजदार बाईंनी ही वेळ ध्यानात घ्यावी.

आज दुपारी तीन वाजता मी इस्पितळात गेले. वॉर्ड दोन, खाट नऊ. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "भाग्यवान आहे हो बाई. नवरा चर्चला जाऊन येतो तेवढं सोडलं तर चार दिवस उशापासून हललेला नाही, पाणी प्यायलासुद्धा जात नाही." सोमवारी तुमचे हवालदार आले होते तेव्हाही मिस्त्री तिथेच होते आणि बारकीने फक्त मान हलवली होती. तिच्याशी एकटीने बोलायचे तर त्यांना उठवणे भाग होते आणि माझ्या सांगण्याने ते उठले नसते.

इथे मी जे केले ते मी अजून फादरांना सांगितलेले नाही, आधी पोलिसांना सांगते आहे. मी डबी घेऊन गेले होते. पिशवी गळ्यात होती. वॉर्डच्या दारातून आत शिरताना मी डावा हात छातीवर ठेवला आणि गप्प चालत खाटेपाशी गेले. मिस्त्रींनी पाहिले आणि ते स्टुलावरून उठले. मी मानेने त्यांना बाहेर जायची खूण केली, कारण ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी आजाऱ्याला थोडा वेळ मोकळे सोडायची पद्धत आहे. ते जागचे हलले नाहीत. मीही हलले नाही. बाजूच्या खाटेवरच्या आमच्यातल्या एका आजीने मान खाली घालून क्रूसाची खूण केली, मग सिस्टरही हात थांबवून उभ्या राहिल्या. सगळा वॉर्ड बघत होता. मिस्त्रींनी मान खाली घातली, मला वाट दिली आणि दाराबाहेर गेले. मी पडदा ओढला.

बारकीच्या डोक्याला पट्टी होती, डावा हात प्लास्टरमध्ये. तिने एकच हात छातीशी घेतला, डोळे मिटले आणि तोंड उघडले. मी तिच्यासमोर उभी राहिले. डबीत काही नव्हते. एकवीस वर्षांत मी रिकामी डबी कोणापुढे नेली नव्हती. मी खाली वाकले आणि तिच्या कानात म्हटले, "बारके, डबी रिकामी आहे. मी खोटं बोलून आले आहे. बोल."

तिने डोळे उघडले. आधी डबीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती घाबरली असावी, माझ्यासाठी. मग हळू आवाजात बोलली. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगते, कारण ती तुमच्यासमोर आज-उद्या बोलेलच, पण न बोलली तर हे लिहिलेले असावे.

ती म्हणाली, "हात रविवारी सकाळीच मोडला. मी मिस्सेला येते म्हणाले म्हणून. मला वाटलं ते मिस्सेला गेलेत, मग छपरावर जातील, तोवर सुटेन. जिन्यात येऊन उभी राहिले तर ते मागच्या फाटकानं परत आले." मी विचारले की तू मला काय सांगणार होतीस. ती म्हणाली, "सांगणार काहीच नव्हते. तुमच्या मागनं चालत येणार होते फक्त. मास्तरांच्या घरापर्यंत. डबीच्या मागनं चालणाऱ्याला कोणी हात लावत नाही ना. म्हणून त्या वेळेला बाहेर आले. तुम्ही सात पंचावन्नला येता."

मी तिचे पांघरूण नीट केले. तीच म्हणाली, "तुम्ही थांबला नाहीत ते बरोबरच केलंत, मावशी. वाईट वाटून घेऊ नका." मी गेल्यावर काय झाले असे विचारले. ती म्हणाली, "मी गुडघ्यावरच होते. तुम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत ते थांबले." पुढचे तिने हाताने दाखवले. पाठीमागून ढकलले, दोन्ही हातांनी. जिन्यावर पाणी नंतर ओतले असावे, ते तिने पाहिलेले नाही.

एवढ्यात पडदा हलला. मिस्त्री म्हणाले, "झालं का, मावशी?" मी डबी बंद केली, छातीवर हात ठेवला आणि त्यांच्या बाजूने बाहेर आले. सिस्टरांना दाराबाहेर गाठून सांगितले की पोलीस येईपर्यंत हिला कोणाच्याही ताब्यात देऊ नका, आणि तिथून चर्चमध्ये जाऊन चाव्या फादरांच्या हातात ठेवून इकडे आले. फादर ताडपत्री बांधायला माणूस शोधत होते. मिस्त्रींना याची कुणकुण लागली असेल तर ते उद्याची वाट पाहणार नाहीत, म्हणून फौजदार बाईंनी माणूस आधी पाठवावा आणि हे लिहिणे नंतर करावे, अशी विनंती मी केली. त्यांनी दोन शिपाई आणि एक महिला शिपाई साडेचारला इस्पितळात पाठवले. पाच दहाला फोन आला की बारकी खाटेवर आहे आणि महिला शिपाई तिच्याजवळ बसली आहे. मिस्त्री वॉर्डात नव्हते, ते फाटकाशी गाडी ठरवताना सापडले.

इस्पितळातून सोडल्यावर बारकीला कुठे ठेवायचे असे विचारल्यावरून सांगते की, माझ्या खोलीत. खाट एकच आहे, ती तिला. तिला यायचे असेल तर. मी तिची धर्मआई आहे, पण तो हक्क मी आता सांगत नाही, ती म्हणेल ते लिहावे. मिस्त्रींविरुद्ध माझे काही जुने वैर नाही. कोर्टात हेच मी त्यांच्या तोंडासमोर सांगेन. रविवारचा माझा जबाब खोटा होता म्हणून माझ्यावर जी काही कारवाई होईल, तिला माझी हरकत नाही.

हे सगळे फौजदार बाईंनी मला सावकाश वाचून दाखवले. चष्मा लावून मी स्वतःही पाहिले. एका ठिकाणी 'धार्मिक प्रथेमुळे साक्षीदारास थांबता आले नाही' असे लिहिले होते. ते मी खोडायला सांगितले. बाई म्हणाल्या, "मावशी, ते तुमच्याच बाजूनं लिहिलंय मी." ते मला कळते. त्या जागी 'हाक ऐकू आली, थांबता आले असते, थांबले नाही' असे लिहून घेतले आहे. आता सगळे मी सांगितल्याप्रमाणे आहे. म्हणून सही करते.